मदत हवी आहे: ‘प्रिव्हेंटेबल’ला आपल्याकडचा शब्द कोणता?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा म्हणून काम करते. पावसाळ्याआधी शाळेच्या भिंतीवर सर्पदंशाची माहिती रंगवायची आहे, मजकूर माझ्याकडं आलाय. सोबतच्या इंग्रजी कागदात म्हटलंय की सर्पदंशाने होणारा मृत्यू ‘प्रिव्हेंटेबल’ आहे. तिथंच अडलेय.

‘प्रतिबंधयोग्य’ लिहिलं तर आमच्या गावात कुणी वाचणार नाही. एका पत्रकात ‘प्रतिबंधात्मक मृत्यू’ छापलेलं पाहिलं, ते तर चूकच. प्रतिबंधात्मक म्हणजे रोखणारं. लस प्रतिबंधात्मक असते, गोवर नाही. आणि ‘प्रतिबंधित’ म्हटलं की लोकांना गुटखा आठवतो.

राहिलं ‘टाळता येण्यासारखा’. अर्थ चपखल बसतो, पण माझा हात तिथंच थांबतो.

गेल्या सुगीत माझे चुलत दीर सोयाबीन राखायला शेतातल्या आखाड्यावर गेले आणि भुईवरच निजले. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठले. अंगावर ना सूज, ना खूण. मण्यारीचा दंश असाच असतो, झोपेत कळतही नाही. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा घरच्यांनी आधी देवाच्या ठाण्यावर नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास अडकला होता. मी त्या दिवशी माहेरी होते, ही सल जात नाही.

जाऊबाई अजून म्हणतात, “होणारं टळत असतं का, ताई?” टळतं ते आपोआप, टाळतं ते माणूस. भिंतीवर ‘टाळता आला असता’ लिहिलं तर रोज लेकराला शाळेत सोडताना त्यांना वाटणार, मीच मारलं. ‘टळला असता’ लिहिलं तर पुन्हा सगळं नशिबावर. त्यांना दोष लागू नये आणि नशिबाचंही नाव येऊ नये, असं कसं लिहू?

प्रतिसाद (जालन्याहून, निवृत्त शिक्षक):
ताई, विशेषणाच्या मागे लागूच नका. मराठीत हे काम क्रियापद करतं. ‘टाळता आला असता’ हे गेलेल्या माणसाबद्दल आहे, ‘टाळता येतो’ हे उद्याच्या रात्रीबद्दल. भिंतीवर वर्तमानकाळच लिहा. आणि नशिबाचं म्हणाल, तर आमच्या लहानपणी विंचू चावून लेकरू गेलं की लोक असंच म्हणायचे. आमच्याच जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहिले, विंचूदंशावर प्राझोसिन नावाचं औषध वापरलं आणि दगावणारी माणसं वाचायला लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे गावात जरूर सांगा.

प्रतिसाद (नांदेडहून):
ताई, इंग्रजी कागदानं एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात. चावणं टाळता येतं आणि चावल्यावर माणूस वाचवता येतो. दोन्ही वेगळं लिहा. ‘वाचवणे’ हा शब्द कुणाला टोचत नाही. ज्यानं धावपळ केली, त्यालाही नाही.

मूळ धागालेखिका:
दोघांचेही मनापासून आभार. ‘वाचवणे’ माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सगळा वेळ ‘टाळणे’पाशीच घुटमळत होते. मजकूर असा केलाय:

“मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते. भुईवर निजू नका. बाजेवर निजा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. साप चावला, किंवा पहाटे अचानक पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर कुठंही न थांबता १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. वेळेत नेलं तर माणूस वाचवता येतो.”

आज संध्याकाळी आधी जाऊबाईंना वाचून दाखवते. त्या हो म्हणाल्या की उद्या रंग आणते.