उंचावर स्नोमोबाईलच्या क्लचची जुळणी

प्रश्न: कोलोरॅडोतील रॅबिट इअर्स पासवर, म्हणजे सुमारे 2,870 मीटर उंचीवर, माझ्या टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) नसलेल्या स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे, इंजिन पूर्ण थ्रॉटल देऊनही ठरलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांपर्यंत) चढत नाही. क्लचमध्ये कोणता बदल करावा?

उत्तर: विरळ हवेमुळे दर 300 मीटरला साधारण 3 टक्के शक्ती घटते, परंतु इंजिनाला जोडलेल्या पुढच्या क्लचमधील फिरती वजने त्याच आरपीएमला मागच्या क्लचकडे शक्ती नेणारा पट्टा पूर्वीइतक्याच जोराने दाबतात, म्हणून इंजिन दबते. कंपनीच्या तक्त्यात त्या उंचीसाठी दिलेली हलकी वजने बसवावीत.

उत्तर: सहमत आहे. मात्र एका वेळी एकच बदल करून खोल, ताज्या बर्फातील चढावर आरपीएम पाहावा. दाबलेल्या वाटेवरचा आकडा फसवा असतो.

उत्तर: त्याआधी पट्ट्याची झीज तपासावी. सखल भागात परतल्यावर जड वजने अवश्य पुन्हा लावावीत, अन्यथा इंजिन मर्यादेपलीकडे फिरेल.