प्रति: संकटात नुसती प्रार्थना काय कामाची?
‘दुसऱ्यासाठी प्रार्थना म्हणजे जबाबदारी देवावर ढकलणं’ असं या चर्चेत वर म्हटलंय, ते काही जणांना लागू पडतं. ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणून मोकळे होणारे आमच्या चर्चच्या मंडळीतही आहेत! पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमाचा, विषय इथे कुणी काढलाच नाही. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवांना घेऊन आल्या. पुढे त्याच मुक्ती मिशनमध्ये 1905च्या सुरुवातीला 70च्या आसपास जणी रोज इतरांसाठी प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत संख्या 550वर गेली. त्यांतल्या कितीतरी स्वतःच दुष्काळातून वाचलेल्या. आणि तिथली शेती, माग, छापखाना सांभाळणारे हातही याच बायकांचे होते. ढकललेली जबाबदारी ती कुठली?