मदत हवी आहे: शामिसेनची खुंटी सरकते आणि ‘सावारी’ गेली

नमस्कार. मी ओसाकात राहतो आणि दोन वर्षांपासून त्सुगारू शैलीचे शामिसेन (तीन तारांचे जपानी वाद्य) शिकतो आहे. जुने, रुंद दांडीचे वाद्य विकत घेतले होते. गेल्या आठवड्यात त्याच्या तिन्ही तारा, तारा खाली अडकवण्याची रेशमी दोरी (नेओ) आणि घोडी (कोमा) मी स्वतःच बदलली, आणि तेव्हापासून दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत.

पहिली म्हणजे, पहिल्या जाड तारेची सावारी, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या जवारीशी नाते सांगणारी ती झणझण, जवळजवळ नाहीशी झाली आहे. ही तार वरच्या अटीवर (दांडीच्या वरच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीवर) न टेकता दांडीच्या कडेला निसटती स्पर्श करते, हे मला ठाऊक आहे. दांडीमागचा सावारीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून पाहिला, तर तार झणझणण्याऐवजी मुकीच झाली. जुनी घोडी २.६ बू, म्हणजे सुमारे ७.९ मिलिमीटर उंच होती आणि नवी २.८ बू आहे. शिवाय नवी तार किंचित जाड आहे. दोष यांपैकी कशाचा, हे कसे ओळखावे?

दुसरे असे की मधल्या तारेची खुंटी आत दाबून फिरवली तरी सूर टिकत नाही. दुकानदाराने सुटी खुंटी देऊ केली, परंतु प्रत्येक खुंटी तिच्या छिद्रानुसार घासून बसवावी लागते, म्हणून मी थांबलो. तूर्त खडू लावून भागवावे का, की कारागिराकडेच जावे?