पेजचं समीकरण बेदाण्याच्या शेडमध्ये टिकतं का?

जाळीवरचा मणी:
पुतण्या अन्न अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या कृपेनं यंदा द्राक्षं वाळवण्यावरचे पाच-सहा शोधनिबंध वाचले. पद्धत सगळ्यांची एकच. मणी ताटात एका थरात पसरायचे, ६० अंशांची हवा ठरावीक वेगानं सोडायची, तासातासाला वजन करायचं. मग त्या आकड्यांवर आठ-दहा समीकरणं बसवून बघायची आणि जे छान बसेल ते 'सर्वोत्तम मॉडेल'. लुईसचं १९२१चं समीकरण तरी समजतं: जादा पाणी जेवढं शिल्लक, तेवढा वाळण्याचा वेग. पेजनं १९४९मध्ये मका वाळवताना त्यातल्या वेळेला एक घात चिकटवला. त्या घाताचा मण्याशी संबंध काय, हे कुणी सांगेल का?

माझी शेड तासगाव तालुक्यात. जाळीचे दहा कप्पे, वर पत्रा. मार्चात दुपारी ३७ अंश, पहाटे १८. वारा त्याच्या मर्जीनं. पंधरा-अठरा दिवसांनी मूठभर बेदाणा दाबून बघायचा, सोडल्यावर मोकळा झाला की उतरवायचा. माझं स्पष्ट मत, ही समीकरणं निबंध छापण्यापुरती आहेत.

ओला फडका:
घाताबद्दल तुमचं बरोबर. तो रेष जुळावी म्हणून आहे. पण तेवढ्यालाच मॉडेल समजून सगळ्यावर पाणी सोडू नका. आधी साधा हिशेब बघा. १००० किलो द्राक्षं, गोडी २२ ब्रिक्स (रसात शेकडा २२ भाग साखर), म्हणजे ढोबळमानानं २२० किलो घनभाग. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचं तर वजन भरणार २५९ किलो. १८ ब्रिक्सला तोडलीत तर २१२. बागेत आठवडाभर थांबायचं की नाही, हे यातून दिसतं की नाही?

आता उरलेलं ७४० किलो पाणी. ते उडवायला सुमारे ५०० युनिट विजेइतकी उष्णता लागते, जी तुम्हाला हवा फुकट देते. ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेची एक किलो हवा जास्तीत जास्त ६ ग्रॅम पाणी उचलेल. म्हणजे सव्वा लाख किलो हवा जाळीतून जायलाच हवी, तीही शेवटच्या थेंबापर्यंत भरून. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट. शेड वाऱ्याला आडवी बांधायची की उभी, कप्प्यांत अंतर किती, हे सगळं इथून निघतं. मण्यापेक्षा हवेचं मॉडेल करा, काका.

अर्धवट संशोधक:
मी काकांच्या बाजूनं, आणि माझे हात पोळलेत म्हणून. एमटेकला हेच केलं होतं. मणी म्हणजे गोल, आत पाणी फिकच्या नियमानं (जास्त ओल्याकडून कमी ओल्याकडे) बाहेर सरकतं, त्रिज्या कायम. उत्तर देखणं आलं. पण मणी आकसून पाव आकारमानाचा होतो, मग त्रिज्या कायम कुठली? वाळायचा वेळ तर त्रिज्येच्या वर्गावर चालतो. त्याहून मोठी चूक सालीची. द्राक्षावर मेणाचा थर असतो, खरी अडवणूक तिथे आहे. मी सालीचा अडथळा गरातच मिसळून एकच विसरणांक, म्हणजे पाणी किती वेगानं सरकतं त्याचा आकडा, काढला. बिनडिपिंगच्या, म्हणजे मेण सैल करणाऱ्या द्रावणात न बुडवलेल्या, मण्यांना तो लावला तर उत्तर पार भलतंच. परीक्षकांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ओला फडका:
पण साल अडवते हे तुम्हाला कळलं ते मॉडेल चुकलं म्हणूनच ना?

अर्धवट संशोधक:
छे. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, त्यात दोन-चार मिनिटं बुडवायचं, हे शेडवरच्या बायकांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

वाइनवाला नाशिककर:
एवढा खटाटोप कशाला? ताजी विका. बेदाणा म्हणजे व्यापाऱ्यानं नाकारलेला माल.

जाळीवरचा मणी:
हे नाशिकला चालत असेल. आमच्याकडे बेदाण्यासाठीच बाग धरतात. विषय सोडू नका.

फडकेसाहेब, ब्रिक्सचा हिशेब मान्य. तो सौद्यात दरवर्षी चुकवतो आम्ही, चांगल्या दराच्या घाईत. पण गेल्या साली बारा दिवसांचा माल जाळीवर असताना दोन रात्री अवकाळी झाली आणि बेदाणा काळवंडला. तुमची सव्वा लाख किलो हवा तेव्हा कुठे होती?

ओला फडका:
तिथेच होती, पण भरलेली. २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तीच हवा एक ग्रॅमच्या आसपासच उचलते. आणि तुमचा माल बारा दिवसांचा, साखरेनं घट्ट. अशा हवेत तो पाणी सोडत नाही, उलट ओढतो. साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की तयार बेदाणा परत ओलावतो. म्हणजे त्या रात्री शेडचे पडदे खाली सोडायचे होते, वारा खेळू द्यायचा नव्हता. तुम्ही काय केलंत?

जाळीवरचा मणी:
पडदे उघडे ठेवले. वाऱ्यानं सुकेल म्हणून.

अर्धवट संशोधक:
मीही तेच केलं असतं.

ओला फडका:
दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या बुडाला ओलं फडकं बांधा आणि मधल्या कप्प्यात टांगा. हवा जितकी ओली तितका दोघांतला फरक कमी. तो पाचेक अंशांवर आला की पडदे खाली. पेज, लुईस सगळे राहू द्या.

जाळीवरचा मणी:
टांगतो. पण पत्र्याखालचा कप्पा चार दिवस आधी तयार होतो आणि मधला रेंगाळतो, त्याचं काय? तिथे दहा फडकी बांधू?