मदत हवी आहे: टर्मिनेटर काढला की अख्खी नेटवर्क बस का झोपते?

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या मुलांची नेटवर्किंगची प्रॅक्टिकल्स घेतो. लॅबमध्ये जुनं १०बेस२ (एकाच सामायिक केबलवर, म्हणजे बसवर, सगळे पीसी जोडणारं इथरनेट) अजून शाबूत आहे: आरजी-५८ कोॲक्स केबल, बीएनसीचे टी (केबलला पीसी जोडणारे तीन तोंडांचे जोड), चार पीसी, दोन्ही टोकांना ५० ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोध). पिंग (एका पीसीने दुसऱ्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं) सुरळीत. एका टोकाचा टर्मिनेटर काढला की चारही मुके. अगदी शेजारचे दोन पीसीसुद्धा, मधली केबल धडधाकट असून!

पुस्तकी उत्तर दिलं, की सिग्नल टोकावरून उलटा येतो आणि डेटा बिघडवतो. तर एका मुलीने खिंडीत गाठलं: "सर, केबल सगळी मिळून ४ मीटर. जाऊन-येऊन ४० नॅनोसेकंद, आणि एक बिट १०० नॅनोसेकंदांचा. मग काही पॅकेट तरी पोचायला हवीत ना?" शिवाय पिंग एकच पीसी करतोय, तरी नेटवर्क कार्ड कोलिजन (दोघांनी एकदम पाठवल्याने होणारी सिग्नलची टक्कर) मोजतंय. टक्कर कोणाशी?

प्रतिसाद १
पोरगी हुशार आहे. कोलिजनच्या आकड्यातच उत्तर आहे.

कोॲक्सवर कार्ड टक्कर ओळखतं ते व्होल्टेजवरून. दोन टर्मिनेटर समांतर, म्हणजे कार्डाला २५ ओम दिसतात. ते सरासरी ४१ मिलिअँपिअर सोडतं, म्हणजे साधारण १ व्होल्ट. दोघं एकदम बोलले की करंटची बेरीज होऊन २ व्होल्ट. मर्यादा दीडच्या आसपास. ती ओलांडली की टक्कर. आता एक टर्मिनेटर काढा. लोड ५० ओम, एकट्या कार्डाचेच २ व्होल्ट! ते स्वतःच्याच आवाजाला दचकतं, जॅम (टक्कर झाल्याचा इशारा देणारा सिग्नल) सोडतं, थांबतं, पुन्हा पाठवतं. १६ प्रयत्न फसले की फ्रेम (डेटाचं पाकीट) टाकून देतं.

परावर्तन (सिग्नल टोकावरून उलटा येणं) खोटं नाही. १८५ मीटरच्या पूर्ण सेगमेंटवर ते चांगलंच नडतं. तुमच्या टेबलावर मात्र गुन्हेगार हे वाढलेलं व्होल्टेज.

पीसी बंद करा, एक टी कार्डावरून उपसा (केबली तशाच राहू द्या) आणि मधली पिन ते बाहेरची कडी मल्टिमीटरने मोजा. २५ आले तर ठीक. ५० म्हणजे टर्मिनेटर गेलाय किंवा केबल तुटलीय.

धागाकर्ता
मोजलं. २५.६, आणि टर्मिनेटर काढल्यावर ५१. आभार! मग दोन्ही टर्मिनेटर एकाच टोकाला टी लावून जोडले तर?

प्रतिसाद १
४ मीटरवर बहुधा चालेल, लांब केबलवर नाही. मुलांकडूनच करून घ्या, आणि काय झालं ते इथे टाका.