रात्रपाळी, तीनची भूक आणि वाढतं वजन: थायरॉईड की आणखी काही?

वेर्णेकर
गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत फिरती पाळी, दर आठवड्याला बदल. पुरुष, वय 34, उंची 168 सेंमी. दीड वर्षात वजन 71 वरून 78 किलो. रात्री दहा ते सहाच्या पाळीत तीनच्या सुमारास भूक खवळते, तीही तळलेल्याची नाहीतर गोडाची. कँटीनला मिरची-भजी, पाव, साखरेचा चहा. सकाळी सातला घरी पेज, मग जेमतेम पाच तास झोप. पाळी सुटल्यावर तसंच जाऊन रक्त दिलं: टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, थायरॉईड मंदावला की वाढतं) 5.1 (लॅबची वरची मर्यादा 4.5), फ्री टी4 (थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन) मर्यादेत. आता लॅबवाले ‘हॉर्मोन पॅकेज’ सुचवतात: लेप्टिन आणि घ्रेलिन (तृप्तीचं आणि भुकेचं हॉर्मोन), कॉर्टिसॉल (ताणाचं हॉर्मोन), इन्सुलिन. करावं का? आणि थायरॉईडच्या गोळीने वजन उतरेल का?

डिचोलीचा_दिवा
गोळीची घाई नको. टीएसएच चोवीस तास एकसारखा नसतो. मध्यरात्रीच्या पुढे तो सर्वांत वर जातो आणि दुपारी उतरतो. झोप लागली की रात्रीची ही चढण दबते, जागरणात दबत नाही. रात्रभर जागून सकाळी सातला दिलेल्या रक्तातला 5.1 हा थायरॉईडपेक्षा जागरणाचाही असू शकतो. दोन-तीन महिन्यांनी, दिवसपाळीच्या आठवड्यात, चार रात्री नीट झोप झाल्यावर टीएसएच, फ्री टी4 आणि अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलंय का, ते दाखवणारी चाचणी) करा. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर तिच्यामुळे आकडे चुकतात.

थायरॉईड खरोखर मंदावला तरी त्यापायी वाढणारं वजन साधारण 2 ते 4 किलो असतं आणि त्यातही पुष्कळसं मीठ-पाणीच. फ्री टी4 मर्यादेत असताना 7 किलोचं खापर 5.1 वर फोडता येत नाही. गरज नसताना थायरॉक्सिन (तीच थायरॉईडची गोळी) घेतलं तर स्नायू आणि हाडं झिजतात, छातीत धडधड होते.

पॅकेजचे पैसे वाचवा. लेप्टिन चरबीच्या पेशीच बनवतात, तेव्हा चरबी वाढली की ते वाढलेलंच दिसणार. जे शिंप्याची टेप फुकटात सांगते त्याला रक्त कशाला? (आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंमीच्या आत हवी, बायकांची 80.) घ्रेलिन नळीत लगेच विघटित होतं. नमुना खास रसायन घालून थंड ठेवला नाही तर आकडा निरर्थक. कॉर्टिसॉलची ‘सकाळची’ मर्यादा रात्री झोपलेल्या माणसासाठी असते. त्याऐवजी एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटीची साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची चाचणी) करा. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाची वेस. मानेच्या मागे काळपट, मखमली कातडी दिसत असेल तर इन्सुलिन शरीरात नीट लागू पडत नाही असा अंदाज पाहूनच बांधता येतो.

आतलं_घड्याळ
थायरॉईड बाजूला ठेवून घड्याळाकडे बघू या. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, यकृत आणि स्वादुपिंडातली बरीचशी जेवणाच्या वेळेवर. रात्री मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं हॉर्मोन) चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन हात राखून सोडतं. म्हणून तोच पाव-भजीचा ताट दुपारी एकला खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री तीनला जास्त चढते आणि उशिरा उतरते. दर आठवड्याला पाळी बदलली की मुख्य घड्याळ सरकायला लागतं न लागतं तोच परत उलट फिरवावं लागतं.

आता भूक. घ्रेलिन जठरातून येतं (1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं) आणि नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी चढतं. रोज तीनला भजी खाल्ली की ते तीनला हजर राहायला शिकतं! लेप्टिन (1994) मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. शिकागोत 2004 मध्ये 12 तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेव्हा दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत लेप्टिन 18 टक्के कमी आणि घ्रेलिन 28 टक्के जास्त आढळलं. माणसं थोडी होती आणि पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे आकडे असेच आले नाहीत, त्यामुळे मी यावर फार भर देत नाही. 2022 चा प्रयोग मला जास्त पटतो: वजन जास्त आणि झोप साडेसहा तासांहून कमी असलेली 80 माणसं, एका गटाची झोप सुमारे 1.2 तासांनी वाढवली. आहाराबद्दल काही न सांगता त्या गटाचं खाणं दुसऱ्या गटाच्या मानाने रोज सुमारे 270 कॅलरींनी कमी भरलं. तुमची तीनची भूक पोटाची कमी आणि झोपेचीच जास्त आहे.

उपासमार मात्र करू नका. खाणं एकदम तोडलं की चरबी घटण्याआधीच लेप्टिन कोसळतं आणि भूक दुप्पट होऊन परतते. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ.

पेजवाली
वेर्णेकरबाब, डबा असा करून बघा. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी, आठ-साडेआठला: उकड्या तांदळाचं शीत (भात) एक वाटी, दोन बांगडे (शाकाहारी असाल तर अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची आमटी), एक भाजी. बारा ते पाच पोट शक्यतो रिकामं. राहवलं नाही तर तीनची वाट न बघता एकलाच दोन उकडलेली अंडी, किंवा मूठभर भाजलेले चणे आणि ताक. भजी-पाव दहा मिनिटांत संपतो, आणि आतड्यातून ‘पुरे’ सांगणारी जीएलपी-1, पीवायवाय ही हॉर्मोनं कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं घेतात. मासे, अंडी, कडधान्यं ती जास्त सोडायला लावतात.

पेज सोडू नका, पण नुसती पेज म्हणजे पाणी आणि पिष्ट. ती जठरातून भरभर उतरते आणि अकराला भुकेने जाग येते. अर्धी वाटी पेज, सोबत मूग किंवा अंडं. सुकी सुंगटं (कोळंबी) चालतील, पण त्यांतलं मीठ बघून, रक्तदाब असेल तर नकोच.

चहा-कॉफी रात्री एकनंतर बंद. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे तीनचा चहा आठला अजून अर्धा अंगात.

आतलं_घड्याळ
झोपेचं राहिलं. घरी येताना उजेड डोळ्यांवर कमी पडू द्या, पण झापड येत असेल तर स्कूटरवर काळा चष्मा नको, त्या दिवशी बसच. खोलीत जाड काळा पडदा, पंखा चालू, फोन बाहेर. सकाळी पाच तास झाले तर संध्याकाळी ड्युटीआधी दीड तास आणखी. शक्य असेल तर पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने मागून घ्या. उलट्या क्रमाने शरीराला जास्त त्रास होतो. घोरणं असेल, मान 40 सेंमीहून जाड असेल आणि झोपूनही थकवा जात नसेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. त्याने वजनही वाढतं आणि वजनाने तेही वाढतं.

वेर्णेकर
घोरतो म्हणे. मेलाटोनिनची गोळी घेऊ का?

डिचोलीचा_दिवा
मग श्वासाची तपासणी आधी. मेलाटोनिनने दिवसाची झोप फार तर वीस-पंचवीस मिनिटांनी वाढते. घेतलीच तर डॉक्टरांना विचारून, घरी पोचल्यावर, आणि पेज खाऊन झाल्यावर. गोळी घेऊन वर जेवलात तर साखर जास्त चढते. आणि पुढच्या वेळी रक्त देताना लॅबच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘आदल्या रात्री इतके तास झोप, पाळी अमुक.’ टीएसएचचा आकडा बघण्याआधी डॉक्टरांना ती ओळ दिसायला हवी.