सोलापूरची गच्ची, फ्लाय रॉड आणि ट्राउट: दोरी पुढं जातच नाय, काय चुकतंय?

हिप्परग्याचा_गळवाला:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात बायको-पोरीला घेऊन हिमाचलात तीर्थन नदीवर चाललोय, गुशैणीजवळ होमस्टे बुक झालाय आणि तिथं ट्राउट पकडायची लई हौस आहे. मासे धरणं मला नवीन नाही, लहानपणापासून मामासोबत हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसायचो, गांडूळ नायतर कणकेची गोळी, चिलापी हमखास, नशीब जोरावर असलं तर मरळ. पण हे फ्लाय प्रकरण वेगळंच निघालं. ऑनलाइन सेट मागवला, 9 फुटी रॉड, रील, पिवळी जाड दोरी आणि डबीभर पिसांच्या माश्या. गच्चीवर ट्राय केलं तर माशी पाठीमागंच पडते, दोरीचा गुंता होतो, आणि दोनदा चाबकासारखा फाटकन आवाज येऊन माशीच गायब. एक शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत सापडली, दुसरी अजून सापडायची आहे. पुढं थोडं शिसं लावू का? का सरळ तिथंही गांडूळच लावू?

भीमाकाठ:
शिसं नका लावू मालक, सगळा खेळच बिघडेल. आपल्या गळात शिसं उडतं आणि तंगूस त्याच्यामागं ओढली जाते. इथं बरोबर उलटं आहे, माशीला वजनच नाही, वजन आहे त्या पिवळ्या दोरीला, म्हणजे फेकायची ती दोरी, माशी आपली तिच्या शेपटाला धरून जाते. आता दोरी पुढं जायची तर आधी ती मागं पूर्ण सरळ व्हायला पाहिजे. तुम्ही रॉड मागं नेता आणि लगेच पुढं आणता, दोरी अजून हवेत वळतच असते, म्हणून तो फाटकन आवाज आणि म्हणून माशी तुटते. समोर 10 वाजले आणि डोक्यामागं 1 वाजला असं घड्याळ धरा, काटा 1 वर गेला की झटकन थांबवायचा, दोरी सरळ होईपर्यंत दम धरायचा, मग पुढं आणून 10 वर परत झटकन थांबवायचा. सुरुवातीला मान वळवून मागं बघत करा, लाज नाही त्यात. आणि मनगट मोडत असेल (सगळ्यांचं मोडतं) तर रॉडचं बूड फुल शर्टाच्या बाहीत खोचा, आपोआप सरळ राहतंय.

एक विचारतो, दोरी आणि माशीच्या मधे लीडर लावलाय ना?

हिप्परग्याचा_गळवाला:
लीडर? मी तर माशी थेट पिवळ्या दोरीलाच बांधली की. भोकातनं जाईना म्हणून टोक ब्लेडनं तासलं 🙈 सेटमधे दुसरं काही आलंच नव्हतं, विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो, सर, सगळं बॉक्समधेच आहे.

भीमाकाठ:
अरे देवा 😂 तासलेलं टोक कापून टाका. 9 फुटांचा टेपर्ड लीडर घ्या, दोरीकडं जाड आणि माशीकडं बारीक होत जातो तो, पॅकेटवर 5X (म्हणजे बारीक टोकाची जाडी) लिहिलेलं बघा. माशीला क्लिंच गाठ मारायची, आणि आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची, कोरडी ओढली तर तंगूस तापून कच्ची होते. रॉडवर दोरीच्या वजनाचा नंबर लिहिलेला असतो, तिथं 5 असेल तर दोरीपण 5 नंबरचीच पाहिजे, तेवढं बघून घ्या.

शेंगाचटणी:
एवढं हिमाचलला कशाला जायचं बे, उजनीतच सोडा की चार ट्राउट, भाकरी-चटणीची सोय आमच्याकडं.

थंडपाणी:
@शेंगाचटणी उजनीत सोडलं तर रस्साच होईल त्यांचा, पाणी 20 डिग्रीच्या वर गेलं की ट्राउटचा जीव घाबरा होतो, गार पाण्यातच प्राणवायू भरपूर असतो म्हणून. तिकडंसुद्धा ही मंडळी पाहुणीच आहेत बरं का, इंग्रजांनी आणून सोडलेली.

गळवालेदादा, आम्ही दोन वर्षांमागं गेलो होतो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून मनालीच्या बसनं औटला बोगद्याच्या अलीकडं उतरायचं आणि मग बंजारकडं. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, होमस्टेवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्यावरचे नियम वाचा, गांडुळाचं तेव्हाच ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, मे चालतोय.

खरी गंमत नदीत आहे. तलावात आपण एका जागी बसतो आणि मासा फिरत येतो, इथं मासा एका जागी तोंड वर प्रवाहाकडं करून उभा असतो आणि खाणं वाहत येतं. म्हणून त्याच्या पाठीमागनं, खालच्या बाजूनं जायचं. मोठ्या दगडाच्या मागं जिथं पळतं पाणी आणि संथ पाणी एकमेकाला घासतं ना, त्या रेघेवर माशी सोडायची आणि ती पानासारखी वाहू द्यायची. दोरीनं ओढली गेली, पाण्यावर बारीकशी रेघ उठली, की ट्राउट ढुंकून बघत नाही. पहिल्या दिवशी मी नुसतं लांब फेकत बसले आणि एकही नाही. दुसऱ्या दिवशी तिथला एक पोरगा म्हणाला, दीदी, मछली आपके पैर के पास है. 6-7 मीटर पुरतंय.

सकाळी लवकर जा, दुपारी बर्फाचं पाणी उतरून नदी चढते. दगड शेवाळाचे, चप्पल घालून पाण्यात पाय टाकू नका, आणि पोरीला काठावरच बसवा. आकडीचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, मासा सोडायला बरं पडतंय आणि स्वतःच्या कानात घुसली तर काढायलाही 😄 मासा धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

हिप्परग्याचा_गळवाला:
लई लई धन्यवाद. लीडर आला. आज सकाळी साडेसहाला होम मैदानावर गेलो, माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला, रॉड बाहीत खोचला. पहिली वीस मिनिटं गुंताच, मग मान वळवून दोरी सरळ होताना बघितली आणि एकदम शांत, आवाज न होता पुढं गेली ओ! क्रिकेटवाली पोरं थांबून बघायला लागली, एक म्हणतो, काका, पाणी कुठाय? आणि तेवढ्यात एका कुत्र्यानं लोकर पकडून पळ काढला, रील करकरत सुटला. लीडर तिथंच तुटला. आता सांगा, नवीन मागवू का उरलेल्याला गाठ मारून चालतंय?

भीमाकाठ:
चालतंय. पुढं दोन फूट टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकासारखी बारीक तंगूस, जोडा, सर्जन गाठ मारून. आणि कुत्र्याचा फोटो टाका.